थेरीला 'डी' कोणी लावली?

पस्तीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. समोरचा जरा गप्प बसला, की मी त्याला शब्दाचं मूळ सांगू लागतो. म्हणून हल्ली माझ्यासमोर कोणी गप्प बसत नाही.

बायनाबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली भावजय, माझी मोठी माय. आई गेली तेव्हा लोकांच्या बांधीत धान रोवून हिनंच मला शिकवलं. आता तिनं नव्वदी ओलांडली. बुद्धपौर्णिमेला गावच्या विहारात तिचा सत्कार ठरला आणि मानपत्र लिहायला मला ऊर्जानगरहून बोलावलं. 'वयोवृद्ध' कोणीही लिहील. मी लिहिलं, 'थेरी बायनाबाई'.

माइकवर दणक्यात वाचलं. मोठी माय उठली, अंगावरची शाल खुर्चीवर ठेवली आणि काठी टेकत घरी निघून गेली. हात दाखवून अवलक्षण! मंडपात खसखस पिकली. "कमी आयकते ते, थेरडी आयकलं असंन," असं सांगत मी तिच्यामागं धावलो.

ती खाटेवर पाठ फिरवून बसली होती. ही बोलायची थांबली, तर मला लहानपणापासून ओळखणारं दुसरं कोण उरलंय? मग घाबरलेला मास्तर जे करतो तेच मी केलं, शिकवायला लागलो.

"थेरडी नाई, थेरी म्हटलं मी. संस्कृतात स्थविर, पालीत थेर. म्हंजे ज्येष्ठ भिक्खू. बाई असली तं थेरी. लय मानाचा शब्द. मंग लोकायनं त्याले डा-डी लावून शिवी केली."

"कोनत्या लोकायनं?"

"ज्यायले म्हाताऱ्या मानसाची किंमत नाई त्यायनं." उत्तर मलाच फार आवडलं.

ती वळली. "माहे कान शाबूत हायेत. थेरीच आयकलं मी. तुह्या तोंडून ते आयकवेना म्हनून उठली."

"काऊन?"

"हिवाळ्यात तुले फोन केला होता. सूनबाईनं उचलला. तू मांगून बोलला, 'थेरडीचा असंन, घरी नाई म्हन.'"

मी तसं बोललो होतो. अगदी त्याच शब्दांत.

"आता सांग गुरुजी, ते 'डी' कोनं लावली?"

"मीनंच, मोठी माय," म्हणालो आणि खाटेशी जमिनीवर बसलो. लाजेनं मान वर होईना.