स्टिअरिंगमागचे कान

निवृत्त झाल्यावर दादांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली, ती क्लचच्या कटकटीला कंटाळून. पण गाडी घरी आली आणि त्यांचा जीव जडला भलत्याच गोष्टीवर. स्टिअरिंगच्या मागे दोन्ही बाजूंना, बोटांच्या टोकांना लागतील अशा दोन चपट्या पट्ट्या होत्या. डावीवर वजाबाकीची खूण, उजवीवर बेरजेची. शोरूमवाल्याने त्यांना पॅडल शिफ्टर म्हणतात असं सांगितलं होतं. दादा त्यांना कान म्हणत.

पाहुण्यांना फेरी मारून आणताना मोकळा रस्ता लागला की ते म्हणत, "बघा हं, आता हिचा कान पिळतो." डावी पट्टी ओढली की इंजिन गुरगुरायचं, पाहुणे दचकून पुढे झुकायचे आणि दादा खूश व्हायचे. त्याने नेमकं होतं काय, असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: "ते ज्यांना ड्रायव्हिंग कळतं त्यांच्यासाठी असतं."

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. दादा भावांत थोरले, धाकट्या दिरांच्या तोंडून ते नाव शेजाऱ्यांनी उचललं, मग दुकानदारांनी. सासूसुद्धा शेवटी शेवटी चुकून वहिनी अशीच हाक मारायची. एकदा गाडी चालू असताना पुढची काच आतून पुसताना वहिनींचं बोट त्या पट्टीला लागलं, तर दादा केवढ्यानं तरी ओरडले. "हात काढ! गियरबॉक्स फोडशील! त्या कानांना हात लावायचा नाही, सांगून ठेवतो." गाडी जागेवर उभी होती, काहीच झालं नव्हतं. वहिनींनी फडकं घडी करून ठेवलं आणि घरात गेल्या.

मग एका सकाळी दाढी करताना दादांचा डावा हात उचलेना. दवाखान्यातून घरी आले तेव्हा बोलणं जवळपास पूर्ववत झालं होतं, काठी घेऊन चालताही यायला लागलं. पण डावीकडचं जग त्यांच्यापुरतं पुसलं गेलं होतं. ताटातलं उजव्या बाजूचं तेवढं खायचे आणि विचारायचे, "एवढंच वाढलंस?" वहिनी ताट अर्धं फिरवून ठेवायच्या. दादा पुन्हा जेवायला लागायचे.

डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा दादा त्यांच्यावर चवताळले. "अहो, या गाडीला डावा पाय लागतच नाही! ऑटोमॅटिक आहे!"

"पायाचा प्रश्न नाही," डॉक्टर म्हणाले. "डावीकडून माणूस आडवा आला तर तो तुम्हाला दिसणारच नाही."

या डॉक्टरला ऑटोमॅटिक गाड्यांतलं काही कळत नाही, असं दादा पुढे येईल त्याला सांगत राहिले.

व्यायामाचं केंद्र शहराबाहेर डोंगरावर होतं. हवा चांगली, इमारत चांगली, पण तिथे जायला भाड्याच्या गाड्या कुरकुर करायच्या. दादांना चढवा, उतरवा, वर ताटकळत थांबा, हे कुणाला हवं असतं? दोन-तीनदा ऐनवेळी गाडी आलीच नाही. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "गाडी दारात आहे. मी शिकते."

दादा हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली. "तू? तुला साधी छत्री धड मिटता येत नाही."

वहिनी मोटार स्कूलमध्ये गेल्या. तिथे शिकवणाऱ्या बाईंचा आवाज दिवसभर ओरडून बसलेला असायचा, पण हात शांत होते. लायसन मिळाल्यावर शेवटचे काही धडे घरच्या गाडीवर घ्यायचे ठरले. दादांनी किल्ली दिली, पण अशी, की जणू मूत्रपिंडच काढून देतायत.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "हे पॅडल वापरलेत कधी?"

"नाही बाई. त्यांना हात लावायचा नाही म्हणालेत. गियरबॉक्स फुटतो."

"कोण म्हणालं?"

वहिनींनी घराच्या दिशेने पाहिलं. बाईंना काय ते कळलं.

"हे बघा, डावं ओढलं की एक गियर खाली. उजवं ओढलं की एक गियर वर. एवढंच. गियरचा दांडा डीवर, म्हणजे नेहमीच्या जागीच राहू दे, तरी चालतात. तुम्ही ओढलं की गाडी थोडा वेळ तुमचं ऐकते, नंतर पुन्हा आपल्या मनाने वागायला लागते. वेग फार असताना फारच खालचा गियर मागितलात तर देणारच नाही. सेवकासारखी नाही, सुनेसारखी आहे. ऐकते, पण स्वतःचं डोकं गहाण टाकत नाही."

वहिनी हसल्या. फार दिवसांनी.

"मग लागतात कशाला?" त्यांनी विचारलं.

"उतारावर. नुसता ब्रेक दाबून धरलात तर तो तापतो, आणि फार तापला की धरत नाही. गियर खाली घेतला की इंजिनच गाडीला मागे ओढतं. घ्या, ओढून बघा."

मोकळ्या रस्त्यावर वहिनींनी डावी पट्टी ओढली. समोर चारचा आकडा जाऊन तीन आला, इंजिनाचा आवाज चढला आणि कुणीतरी मागून पदर धरावा तशी गाडी हळू झाली. एवढंच होतं ते. इतकी वर्षं ज्याचा बाऊ केला, ते एका बोटाचं काम होतं. घरी आल्यावर त्यांनी दादांना यातलं काही सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता.

केंद्रावर जाताना चढ असायचा, त्याची भीती नव्हती. दादा शेजारी बसून सूचनांचा पट्टा सोडायचे. हळू. जोरात. आता हॉर्न. अगं, आता कशाला हॉर्न? उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं चाललेलं असायचं. वहिनी फक्त "हो" म्हणायच्या.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी केंद्रावर दादांचं बिनसलं होतं. व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली होती, "आजोबा, डावीकडचा चेंडू बघा ना," आणि त्यांना चेंडू दिसला नव्हता. शेजारच्या पलंगावरचा माणूस हसला होता. त्याचा राग दादांनी गाडीत आणला. उतार सुरू झाला आणि पुढे सिमेंटची पोती भरलेला एक ट्रक लागला, गोगलगायीच्या चालीने चाललेला.

"ब्रेक," दादा म्हणाले. "ब्रेक दाब. दाबून धर."

वहिनींनी डाव्या पट्टीकडे बोट नेलं.

"कानांना हात नको! ब्रेक!"

त्यांनी बोट मागे घेतलं. ब्रेक दाबून धरला. एक वळण, दुसरं वळण. रबर जळल्यासारखा वास यायला लागला. वहिनींना वाटलं ट्रकचा असेल. मग पायाखाली ब्रेक मऊ लागला, ओल्या स्पंजवर पाय पडावा तसा, आणि ट्रकचं मागचं फळकुट मोठं मोठं व्हायला लागलं. त्यावर रंगवलेली फुलंसुद्धा नीट दिसायला लागली.

"दाब ना!"

"दाबलाय!"

वहिनींनी डावी पट्टी ओढली. इंजिन गुरगुरलं. पुन्हा ओढली. दादांनी आपला धडधाकट उजवा हात उचलला आणि स्टिअरिंगवरच्या त्यांच्या डाव्या हातावर सणसणीत मारला. गाडी रस्ता सोडून दरीकडे झुकली, वहिनींनी ती सावरली आणि तिसऱ्यांदा पट्टी ओढली. या वेळी गाडी खुंट्याला बांधल्यासारखी अडली. ट्रक पुढे गेला. त्याच्या चालकाला काही कळलंही नसेल.

खाली सपाटी लागली तिथे पंक्चर काढणाऱ्याचं एक टपरीवजा दुकान होतं. वहिनींनी गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि उतरून दुकानाच्या बाकावर बसल्या. पुढच्या चाकांतून धूर निघत होता. पंक्चरवाल्याने धूर पाहिला, वहिनींकडे पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. "गार होऊ द्या," तो म्हणाला. "लगेच निघू नका."

वहिनींच्या मनगटावर लाल वळ उठला होता. दादा गाडीतच बसून समोर बघत होते. घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. वहिनींना वाटलं, लाज वाटली असेल. त्यांना दयासुद्धा आली.

संध्याकाळी नोकरीच्या गावाहून मुलाचा फोन आला. दादांनी तो स्पीकरवर टाकला. "अरे, आज वाचलो! ब्रेक पार गेले होते. तुझी आई नुसती ब्रेकच दाबत बसलेली. मी ओरडलो, कान ओढ, कान ओढ! तेव्हा कुठे ओढले तिने. मी शेजारी नसतो तर आज दोघं दरीत असतो."

"बाप रे!" मुलगा म्हणाला. "दादा, तुम्ही होतात म्हणून. आई, तू ठीक आहेस ना?"

वहिनी दारात उभ्या होत्या, हातात भांडी पुसायचं फडकं. "यांनी माझ्या हातावर मारलं," त्या म्हणाल्या.

"अगं, घाबरून हात धरला असेल," मुलगा म्हणाला. "अशा वेळी कुणाला काय कळतं?"

दीर आले, शेजारी आले, प्रत्येकाला दादांनी ती गोष्ट सांगितली. दर वेळी ट्रक थोडा मोठा झाला, दरी थोडी खोल झाली. "कान काय कामाचे असतात हे आता कळलं ना सगळ्यांना?" असं म्हणून ते शेवट करायचे. धाकटा दीर वहिनींना म्हणाला, "वहिनी, नशीब समजा, दादा होता." वहिनींनी खरं सांगायचा प्रयत्न केला, तर तो हसून म्हणाला, "तुम्ही दोघं आता श्रेयावरून भांडणार का?"

पुढच्या खेपेला वहिनींनी डॉक्टरांना बाजूला गाठून विचारलं, "त्यांना खरंच तसं आठवत असेल का?" डॉक्टर म्हणाले, असू शकतं. मेंदूला इजा झाली की तो मधल्या रिकाम्या जागा आपल्या सोयीने भरतो. खोटं बोलतायत असं लगेच धरू नका. हे ऐकून वहिनींना हलकं वाटायला हवं होतं. उलट, आता रागवायचीही सोय राहिली नाही, असं वाटलं.

घरी दोघंच असताना त्यांनी विचारलं, "अहो, खरं सांगा. त्या दिवशी कान ओढ असं म्हणालात तुम्ही?"

"मी म्हणालो नसतो तर तुला सुचलं असतं?" दादा म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं.

पुढच्या आठवड्यात मुलगा आला, तो ड्रायव्हर ठरवूनच. "आता धोका नको," तो म्हणाला. "आईच्या जिवाला ताण किती! दादा दर वेळी सांभाळून घेतीलच असं नाही." त्याने हे प्रेमाने म्हटलं, म्हणून जास्त लागलं. वहिनींनी विचारलं, "मी चालवते त्यात चूक काय झाली?" तर तो म्हणाला, "चूक कोण म्हणतंय? पण ब्रेक गेल्यावर तुला सुचलं नाही ना काही."

ड्रायव्हर सज्जन होता, गाडी जपून चालवायचा. वहिनी मागच्या सीटवर बसायला लागल्या. पुढे दादा त्याला शिकवायचे, "हे कान आहेत बरं का. उतार आला की डावा ओढायचा. मागे आमची मंडळी मरता मरता वाचली, ती यांच्यामुळे." ड्रायव्हर आदराने मान हलवायचा आणि आरशात वहिनींकडे पाहून किंचित हसायचा, चुकलेल्या पोराकडे पाहून हसावं तसं. एका दिवशी गाडी दारात लागली, दादा पुढे बसले, आणि वहिनी उंबऱ्यातच थांबल्या.

"चल ना," दादा म्हणाले.

"नाही येत. ड्रायव्हर आहे की."

"अगं, पण तिथे आत मला कोण नेणार? चपला कोण काढणार?"

"तो नेईल. किंवा तिथली माणसं नेतील."

दादांचा चेहरा पडला. रागाने की भीतीने, ते वहिनींनी पाहिलं नाही. त्यांनी दार लावून घेतलं.

घर रिकामं झालं. त्यांनी चहा टाकला, तो प्यायच्या आधीच गार झाला. खिडकीशी बसल्या, पुन्हा उठल्या, कपाट आवरायला काढलं आणि अर्धवट सोडलं. सुटका वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

दुपारी दादा परत आले. ड्रायव्हरच्या आधाराने पायऱ्या चढले, खुर्चीत बसले आणि काठी शोधत म्हणाले, "सगळे विचारत होते तुझ्याबद्दल."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, बरं नाही तिला. त्या दिवसाचा धसका घेतलाय."

"मला काहीही झालेलं नाही," वहिनी म्हणाल्या.

"असू दे गं," दादा समजूतदारपणे म्हणाले. "सांगितलंय मी सगळ्यांना."