खुणा जुळवून घरी

मार्गशीर्षातली सायंकाळ. सुवर्णजलाची, शंखशुभ्र फेसाची, मंदगंधी वाऱ्याची. मालवणच्या वाळूवर धर्माजी तांडेल एकटेच उभे होते. चाळीस वर्षं होडीचं सुकाणू धरलेल्या त्या माणसाला आपलं घर कुठे, ते आठवत नव्हतं.

मागे माडाच्या आडोशाला लेक कुंदा उभी होती. हाक मारायची नाही, हात धरायचा नाही. आज बाबा घरची वाट चुकले तर उद्यापासून त्यांना आत ठेवून दाराला कुलूप. भावाने ते आणूनही ठेवलं होतं.

दुखणं आधी तिलाच कळलं. नावं हरवत होती, तेव्हा लोक म्हणाले, वय झालं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तारीख विचारली; ती बाबांना कधीच ठाऊक नसे. "तिथी इचारा," कुंदा म्हणाली. बाबा ऐटीत उत्तरले, "अष्टमी. भांगाची भरती." भांगाची म्हणजे कमी पाण्याची; पण त्या दिवशी पौर्णिमा होती. उधाणाचं पाणी सकाळीच बंदराच्या पायऱ्या चढून आलं होतं. तांडेल भरती विसरला!

तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंश. बरा होणार नाही, बाई म्हणाल्या; पण गोळ्या, रोजचा नेम आणि ओळखीच्या खुणा यांनी सावरता येईल.

खुणा! देवळाचा कळस आणि टेकडीवरचा वड एका रेषेत आणून बाबा खडकांतून होडी काढत. कुंदाने तसंच घराच्या फाटकावर रक्तवर्ण निशाण चढवलं, त्यामागच्या माडाचं खोड चुन्याने पांढरं केलं. महिनाभर रोज ती त्यांना हाताला धरून त्या वाटेने नेत होती. आज तिने हात सोडला होता.

धर्माजींनी कपाळावर तळहात आडवा धरला. डावीकडे दोन पावलं. आणखी एक. तांबडं निशाण, पांढरा माड; पांढरा माड, तांबडं निशाण. जुळलं! आणि तो जराजर्जर, विस्मृतिग्रस्त दर्यावर्दी छाती काढून निघाला, वाळूतून, पाणंदीतून, कुणालाही न विचारता. दहा पावलं मागे कुंदा होती.

फाटकाशी ते थांबले, वळले.

"ही खूण कोणी लावली गो?"

"मी."

त्यांनी तिला न्याहाळलं. ओळख कुठेच नव्हती. मग मान डोलावून म्हणाले, "तांडेलाचा चेडू दिसतंस!"

"होय, तांडेलाचीच लेक," कुंदा म्हणाली. डोळे भरले होते, मान ताठ होती. ओटीवरच्या भावाने कुलूप मुकाट्याने खिशात घातलं.

वर निशाण फडफडत राहिलं, तांबडं, तांबडं. आणि खाली तांडेल विसावला, आपल्या बंदरात, आपल्या पायांनी आलेला.