दाजी येतो म्हणाले

चष्मेवाल्याचं म्हणणं एवढंच होतं, की माणसानं एकतर सायकल चालवावी, नाहीतर पाट्या वाचाव्यात. दाजी दोन्ही एकदम करायला जात आणि त्यामुळे सायकल तेवढी मागे पडे. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली आणि निवृत्त झाले. छापखाना सुटला, खोड मात्र सुटली नाही. एखाद्या हॉटेलच्या दारावर 'हार्दीक स्वागत' दिसलं, की यांचा ब्रेक लागलाच.

"अरे, इथे पहिली वेलांटी हवी," एक पाय जमिनीवर टेकवून ते सांगत, जणू हॉटेलवाल्यानं ती दुसरी वेलांटी चष्मेवाल्याच्याच दुकानातून नेली होती.

"दाजी, चला."

"चल की. मी कुठे नाही म्हणतोय?"

सकाळपासून हे चौथ्यांदा झालं होतं, आणि आज वेळेचं सोंग आणता येण्यासारखं नव्हतं. शहरातली एक दातांची डॉक्टर वर्षातून एकदा ही फेरी भरवायची. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास. पहाटे पाचला निघायचं, वाटेत चार ठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत तिच्या टेबलापाशी परत यायचं. आला तर पदक. पदक कसलं, पत्र्याची चकती, बाटलीच्या झाकणाएवढी. पण त्या झाकणानं चष्मेवाल्याची तीन वर्षं खाल्ली होती. पहिल्या वर्षी साखळी तुटली. दुसऱ्या वर्षी तो अकरा मिनिटं उशिरा पोचला. दाढ उपटताना डॉक्टरीणबाई ज्या गोड आवाजात 'झालंच हं' म्हणतात, त्याच आवाजात त्या म्हणाल्या होत्या, "अकराच मिनिटं हो."

यंदाचं हे तिसरं वर्ष, आणि शेवटची संधी. त्याचा उजवा गुडघा झिजला होता. हाडांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, या वर्षी काय ते करून घ्या, मग लांबचं सगळं बंद. हे त्यानं फक्त ताईला सांगितलं आणि दाजींना कळू देऊ नकोस म्हणून बजावलं. ताई बरं म्हणाली आणि लगेच स्वतःची अट पुढे केली. दाजीही येणार आहेत, त्यांना एकटं सोडायचं नाही. गेल्या वर्षी दाजींच्या छातीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवली होती. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सायकल खुशाल चालवा, दम लागला की थांबा. यातला दुसरा भाग दाजींनी फारच मनावर घेतला होता.

आता तक्रारच करायची तर सगळी करू नये. पहाट मात्र झकास गेली होती. चाळीसएक सायकली, सगळ्यांचे दिवे, थंड हवा आणि लांबच लांब उतार. पुढचा 'खड्डा' म्हणून ओरडला की ती आरोळी एकेकाच्या तोंडून शेवटपर्यंत जायची. पोटाला आलेली, टक्कल पडलेली, घरी कुणी विचारत नाही अशी माणसं त्या उतारावर शाळा सुटल्यासारखी सुटली होती. दाजी तर शीळ घालत होते. त्या वेळी चष्मेवाल्याला ते आवडलेही होते.

दुपारी एकला दोघं तिसऱ्या शिक्क्याच्या ठिकाणी पोचले. एकशे तीस किलोमीटर झाले होते. तिथे चहाची टपरी होती, एक नळ होता आणि पुढे डांबर संपून डोंगरावरचा कच्चा रस्ता सुरू होत होता. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर उतार, मग शेवटपर्यंत सपाट. चष्मेवाल्यानं मनातल्या मनात हिशेब मांडला. डोंगर धरून सगळं नीट पार पडलं, तर जेमतेम पाऊण तास हाताशी उरत होता. दाजी बाकावर बसून बूट काढून पायाची बोटं मोजल्यासारखी दाबत होते. चष्मेवाला नळावर बाटल्या भरायला गेला.

"बरं, येतो मी," मागून दाजींचा आवाज आला.

"या सावकाश," मान न वळवता तो म्हणाला. "मी होतो पुढे."

"हो, हो. तू बघ तुझं."

चष्मेवाल्यानं शिक्का मारून घेतला आणि सायकल कच्च्या रस्त्याला घातली. एकटं सोडायचं नाही हे त्याच्या लक्षात होतं. पण चढावर दाजी सायकल हातात धरूनच येणार, आपण माथ्यावर थांबू. शिवाय सगळ्यांच्या मागून चिखल्या होताच. चिखल्या म्हणजे गॅरेजवाला. डोंगरदऱ्यांत उड्या मारायची उंच मोटरसायकल त्याच्याकडे होती. दर रविवारी तो ती चिखलात घालून स्वतःही त्यात लोळून यायचा, म्हणून हे नाव. फेरीत शेवटच्या सायकलीच्या मागे राहायचं, पडलेल्याला उचलायचं, पंक्चरवाल्याला मदत करायची, हे त्याचं काम.

माथ्यावर चष्मेवाला पोचला तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. गुडघा ठणकत होता. तो दगडावर बसला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. खालच्या वळणावर कुणी दिसेना. दर मिनिटाला त्याची चिडचिड वाढत होती. तिथेही कुठेतरी पाटी सापडली असणार, दुसरं काय.

मग मोटरसायकलचा आवाज आला. धूळ उडवत चिखल्या वर आला आणि चष्मेवाल्याला एकट्याला बघून त्यानं इंजिन बंद केलं.

"दाजी कुठायत?"

"मी तुला विचारतोय. तुझ्या पुढे असायला हवेत ते."

"टपरीवर भेटले होते. मला म्हणाले, येतो मी. मी म्हटलं या, वर भेटू. मग बाक रिकामा दिसला, वाटलं, तू घेऊन गेला असशील त्यांना."

"रस्त्यात नाही दिसले?"

चिखल्यानं नुसती मान हलवली. चष्मेवाल्याच्या रागाची एकदम भीती झाली. रस्त्यावर नाहीत, माथ्यावर नाहीत, म्हणजे कड्याच्या बाजूला. छातीत स्प्रिंग असलेला बासष्ट वर्षांचा माणूस, भर दुपारी, चढावर. डोंगरावर फोन लागत नव्हता. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. आत्ता समोरचा उतार धरला तर पदक नक्की होतं. त्याच्या डोक्यात हा विचार आला आणि तो आला याचीच त्याला लाज वाटली. त्यानं सायकल उलटी फिरवली.

दोघं उतरू लागले. चिखल्या पुढे, चष्मेवाला मागे, आणि दोघांचीही नजर रस्त्यावर कमी आणि कडेच्या झुडपांत जास्त. "दाजी," म्हणून हाका मारायच्या, कान द्यायचा, पुढे जायचं. डोंगरावर मोटरसायकल चालवताना नजर जिथे जाते तिथेच चाक जातं, हे चिखल्याच इतरांना शिकवायचा. तिसऱ्या वळणावर तो दरीत डोकावून बघत होता, आणि चाकही डोकावायला गेलं. मोटरसायकल एका नाल्यात, चिखल्या दुसऱ्यात. क्लचची तार तुटली, कोपर सोलवटून निघालं. चष्मेवाल्यानं खिशातून चष्मे पुसायचं फडकं काढलं आणि घट्ट बांधलं.

"लागलं का रे फार?"

"मला राहू दे. दाजींना बघ."

मग चिखल्या मोटरसायकल तशीच, इंजिन बंद ठेवून उतारावर सोडत खाली आला आणि चष्मेवाला प्रत्येक झुडूप बघत. टपरीवर पोचेपर्यंत सव्वातीन झाले. बाक रिकामा होता.

"ते पांढऱ्या मिशीवाले?" टपरीवाला म्हणाला. "ते गेले की मघाशीच. पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो रिकामा चालला होता शहराकडे. त्यात सायकल टाकली आणि ड्रायव्हरशेजारी बसले. बरं, येतो म्हणाले."

"येतो म्हणाले आणि गेले?"

"मग? जाताना माणूस येतोच म्हणणार. खडू मागून माझी पाटी पण सुधारून दिली."

पाटीवर 'स्पेशल चाहा' मधला जादाचा काना पुसून त्या जागी ठसठशीत 'चहा' केलेला होता. चष्मेवाल्यानं खिशातून फोन काढला आणि दाजींचा नंबर लावला. घंटी त्याच्याच सायकलच्या पिशवीत वाजली. घामानं भिजतो म्हणून दाजींनी सकाळी फोन त्याच्याकडे ठेवायला दिला होता.

तो बाकावर बसला आणि त्याला रडू आलं. माणूस जिवंत आहे म्हणून आलं, की तीन वर्षं पाण्यात गेली म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. टपरीवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि उन्हानं होतं असं, म्हणाला. चिखल्या दुसरीकडे तोंड करून तार जोडत बसला.

ताईला फोन करावा, तर ती पहिलं विचारणार, 'हे कुठायत?' आणि तुझा नवरा टेम्पोतून कुठेतरी चाललाय, हे सांगायची त्याची छाती नव्हती. चिखल्या म्हणाला, थांब, तार जोडून झाली की मागे बसवून नेतो. पण मागे बसून गेलं की फेरी अर्धवट सोडली असं लिहिलं जाणार. वेळ तर गेलीच होती. निदान अंतर तरी पुरं करू. कोपर आधी डॉक्टरांना दाखव म्हणून चिखल्याला बजावून चष्मेवाला उठला आणि तोच चढ दुसऱ्यांदा चढायला लागला. या वेळी मनातल्या मनात दाजींना इतक्या शिव्या घातल्या, की माथा कधी आला ते कळलं नाही. उतारावर शिव्या संपल्या, मग नुसता गुडघा उरला.

साडेसहा वाजले तेव्हा तो एका केळीच्या बागेजवळून चालला होता. त्यानं घड्याळ पाहिलं, आणि मग पुन्हा पाहायचं कारण उरलं नाही.

शहर बारा किलोमीटरवर राहिलं असताना, अंधार पडल्यावर, समोरून एक दिवा आला. रस्त्याच्या या बाजूहून त्या बाजूला जाणारा, जवळ आला तरी नीट दिसेना असा. सायकलच होती. तिच्यावर दाजी होते. सदरा भिजून अंगाला चिकटलेला, तोंड उघडं.

"होतास कुठे तू?" दाजींनी सायकल थांबवण्याआधीच विचारलं. "साडेसहा वाजून गेले, सात व्हायला आले, तरी तू नाहीस. ती डॉक्टर टेबल आवरायला लागली. कुठे पडलास, कुठे गेलास, काही पत्ता नाही. फोन तुझ्याकडे."

"तुम्हाला शोधत होतो. डोंगरावर."

"मला? मी तर तुला सांगून निघालो. येतो म्हणालो."

"येतो म्हणालात म्हणूनच तर वाट बघत बसलो."

"अरे, निघताना येतोच म्हणतात. जातो म्हणतात का कुणी? आणि तू 'या सावकाश' म्हणालास. मला वाटलं, निरोप दिलास."

चष्मेवाल्याला आणखी राग आला. "दाजी, तुम्ही आयुष्यभर लोकांचे शब्द सुधारले. टेम्पोनं चाललोय, एवढे दोन शब्द जास्त बोलायला काय झालं होतं?"

दाजी सायकलच्या दांड्यावर हात टेकवून श्वास घेत राहिले. मग म्हणाले, "बोललो असतो, तर तू मला जाऊ दिलं असतंस?"

नसतं दिलं. हे दोघांनाही माहीत होतं.

"गुडघ्याचं मला ठाऊक होतं," दाजी म्हणाले. "तुझ्या ताईनं त्याच दिवशी सांगितलं. मी बरोबर राहिलो असतो तर तू माझ्यासाठी थांबत बसला असतास आणि परत थोडक्यात चुकला असतास. म्हटलं, आपण बाजूला झालेलं बरं." मग त्यांनी विचारलं, "पदक गेलं ना?"

"गेलं."

"पुरं?"

"पुरं."

दाजींचा चेहरा पडला. हातातली वस्तू फोडलेल्या लहान मुलाचा पडतो तसा. चष्मेवाल्यानं दिवसभर मनात साठवलेलं सगळं बोलायला तोंड उघडलं, आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं, की दाजींचा श्वास अजून जागेवर आलेला नाही. हा माणूस डोंगर झेपणार नाही म्हणून टेम्पोत बसला होता, आणि अंधारात बारा किलोमीटर एका दमात उलटा आला होता.

"दम लागलाय?"

"लागलाय."

"मग बसा."

रस्त्याच्या कडेला, मैलाच्या दगडापाशी, दोघं बसले. चष्मेवाल्यानं बाटली दिली. पिशवीतून फोन काढून ताईला लावला, दोघं ठीक आहोत, एकत्र आहोत, येतोय, एवढंच सांगितलं, आणि तिनं सुरू केल्यावर फोन दाजींच्या कानाला लावून दिला. पंधरा मिनिटांनी त्यांचा श्वास जागेवर आला, तेव्हा चष्मेवाला उठला.

"तुम्ही पुढे व्हा."

"अरे, माझ्या वेगानं तुला रात्र होईल."

"होऊ दे. मागे वळून वळून माझी मान गेलीय. आता समोर राहा."

दाजी पुढे झाले. बारा किलोमीटरना सव्वा तास लागला. त्यांच्या सायकलीच्या मागचा छोटा लाल दिवा चष्मेवाल्यानं एकदाही नजरेआड होऊ दिला नाही.