टाकीवरचे हिरवे पट्टे

मुनीर स्पेनला कामाला गेला, तेव्हा आपली काळी मोटारसायकल अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखाली उभी करून गेला. तेव्हापासून त्या गाडीची राखण त्याच्या आईकडे, तामूकडे आली. तामूनं तिच्यावर एक जुनी फुलाफुलांची चादर घातली होती. दर शुक्रवारी नमाज झाला की ती चादर काढायची, गाडी पुसायची आणि सुनेला हाक मारून किक मारायला लावायची. इंजिन धडधडलं, अंगणात धूर पसरला, की घटकाभर तिला वाटायचं, पोरगं आत्ताच बाहेरून आलंय आणि आत हातपाय धुतंय.

असं करता करता तिसरं वर्ष लागलं. सून गिझलान कामाची पोर होती. मराकेशच्या पार दुसऱ्या टोकाला एका मिठाईच्या कारखान्यात तिला काम मिळालं. बदामाचं सारण मळायचं, करंज्या भरायच्या. पण काम सुरू व्हायचं पहाटे, आणि त्या वेळी त्यांच्या सिदी युसुफच्या वस्तीतून बस म्हणून सुटत नसे. गिझलाननं गाडी मागितली. माहेरी भावाची गाडी तिनं खूप चालवली होती. तामूनं दोन दिवस तोंड फुगवलं आणि शेवटी किल्ली दिली; दिली म्हणजे शिवणाच्या डब्यावर ठेवली आणि पाठ फिरवली.

खरा ताप त्यानंतर सुरू झाला. ती गाडी सगळ्या वस्तीच्या ओळखीची होती. टाकीवर डाव्या अंगाला एक लांब ओरखडा होता, तोसुद्धा लोकांना पाठ. गाडी गल्लीत दिसली की लोक विचारायचे, मुनीर आला वाटतं? कोपऱ्यावरचा कोथिंबीर-पुदिना विकणारा म्हातारा तर भेट द्यायचा साखरेचा शंकू घेऊन थेट दारात अभिनंदनाला आला. तामूला त्याला सांगावं लागलं, की नाही बाबा, अजून नाही, सून कामाला नेते गाडी. म्हातारा ओशाळला, शंकू परत न्यायला तयार होईना, तिला ठेवून घेववेना. शेवटी तो शंकू बरेच दिवस फडताळात तसाच पडून होता. त्या दिवसापासून तामूनं पुदिना दुसऱ्या बाजारातून आणायला सुरुवात केली.

एका रविवारी सकाळी गिझलाननं गाडी अंगणाच्या मध्ये घेतली, चादर घडी करून ठेवली आणि एक गुंडाळी उलगडली. आत चिकट प्लॅस्टिकचे पट्टे होते, पिस्त्याच्या रंगाचे, टाकीवर लावायचे, मागच्या पत्र्यांवर लावायचे. सोबत तिनं इस्त्रीची पाण्याची बाटली साबण घालून आणली होती, केस वाळवायचं यंत्र आणलं होतं आणि मोबाईलचं एक जुनं कार्ड फडक्यात गुंडाळून घेतलं होतं.

तामू दारात येऊन उभी राहिली. हे काय चाललंय, असं तिनं विचारलं. गिझलाननं सांगितलं, की ओरखडाही झाकेल आणि गाडीही वेगळी दिसेल.

"वेगळी कशाला दिसायला हवी?"

"म्हणजे रोज कोणी विचारणार नाही, लल्ला." सासूला ती आदरानं लल्लाच म्हणायची.

"विचारू देत की. आणि रंग तरी कसला हा? औषधाच्या दुकानाची पाटी आहे का ती?"

गिझलान हसली, पण हात थांबवला नाही. टाकी स्पिरिटनं पुसतच राहिली. तेव्हा तामू आतून चौरंग घेऊन आली आणि गाडीला टेकून बसली. आता पट्टा लावायचा तर आधी म्हातारीला उचलावं लागणार. गाडी मुनीरची आहे, ती म्हणाली, तो आला की त्याला विचारू, मग काय ते हिरवं-पिवळं करा.

"आत्ताच विचारू," असं म्हणून गिझलाननं व्हिडिओ फोन लावला.

मुनीर कुठल्याशा शेडमध्ये टोमॅटोच्या रांगांत उभा होता. रविवारीसुद्धा. उन्हानं रापलेला, दाढी वाढलेली. आईला बघून त्याचा चेहरा खुलला. गुडघे कसे आहेत, तेल लावतेस का, विचारून झालं. मग गिझलाननं गाडीचं काढलं, तर तो क्षणभर गोंधळलाच.

"कुठली गाडी? हां, ती. अगं लावा काय लावायचं ते. विकली तरी चालेल. मी आलो तर गाडीवर थोडाच फिरणार आहे?"

पलीकडून कोणीतरी त्याला हाक मारली, त्यानं घाईनं आईचा निरोप घेतला आणि फोन बंद झाला.

पोरगा काही वाईट बोलला नव्हता. पण तामू सगळ्यांना 'आला की' म्हणून सांगत होती, आणि तो म्हणाला होता 'आलो तर'.

"तुला माहीत होतं?" तिनं सुनेकडे न बघता विचारलं.

"गेल्या ईदपासून 'तर'च म्हणतो, लल्ला. तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार होते?"

तामू उठली, चौरंग उचलला आणि आत गेली. गिझलानला वाटलं, आता दार लावून घेणार, दिवसभर जेवणार नाही. तामूलाही तसंच वाटलं होतं. ती स्वयंपाकघरात उभी राहिली, उगाच चहाची किटली घासली, घासलेलीच पुन्हा घासली. मुलाचा राग यावा असं तिला वाटत होतं, पण राग येईना. आठवत राहिली ती ही पोर. तिशीही न गाठलेली, अंधारात उठून जाणारी, ईदपासून तो शब्द एकटीच पोटात घेऊन वावरणारी. आणि आपण तिला किल्लीसुद्धा हातात दिली नाही.

बाहेरून चरफडल्याचा आवाज आला. तामूनं खिडकीतून पाहिलं. लांब पट्टा एका टोकानं टाकीला चिकटला होता आणि दुसरं टोक वळून स्वतःलाच चिकटलं होतं. गिझलान दोन्ही हातांनी ते सोडवत होती, आणि दोन हात पुरत नव्हते.

तामू बाहेर आली, बाह्या वर सारल्या.

"ते टोक इकडे दे. पोळी लाटताना तरी असा गोळा करू नकोस म्हणजे झालं."

गिझलाननं टोक दिलं. दोघींनी मिळून ते हळूहळू सुटं केलं. मग गिझलाननं टाकीवर साबणाचं पाणी मारलं, म्हणजे पट्टा लगेच धरत नाही, सरकवता येतो. तामूनं मागचं टोक ताणून धरलं. गिझलान पुढून फडक्यातलं कार्ड दाबत पाणी बाहेर काढत आली. पहिल्यांदा पट्टा तिरका गेला. उचलला, पुन्हा पाणी मारलं, पुन्हा लावला. वळणावर सुरकुती पडली, तेव्हा गरम हवेनं तो मऊ केला आणि अंगठ्यानं बसवला. एक फुगा मात्र जाईना. तामूनं गोधडीची सुई आणली, फुग्याला बारीक टोचलं आणि हवा दाबून काढली. तिथला पट्टा सपाट झाला, तशी ती स्वतःवरच खूश होऊन गेली आणि आणखी फुगे शोधायला लागली.

ओरखडा पट्ट्याखाली गेला तेव्हा तिचा हात जरासा थबकला. त्यावरून तिनं बोट फिरवलं. वर काही लागलं नाही.

दुसरी बाजू होईपर्यंत ऊन अंगणात उतरलं. मागे सरकून दोघींनी पाहिलं, तर उजवीकडचा पट्टा डावीपेक्षा बोटभर वर बसला होता. गिझलानचा चेहरा पडला. काढावा म्हटलं तर तो आता पक्का धरला होता.

"राहू दे," तामू म्हणाली. "दोन्ही बाजू एकदम बघणारा अजून जन्माला यायचाय."

यावर गिझलान जी हसत सुटली, ती हसता हसता रडायलाच लागली. तामूनं तिला जवळ घेतलं, साबणाच्या हातांनी, तशीच. मुनीरबद्दल दोघी काही बोलल्या नाहीत. बोलायचं पुष्कळ होतं, आणि ते एका दिवसात होणारं नव्हतं. चहा झाला, कालची पोळी मधाला लावून खाल्ली, आणि गिझलान म्हणाली, की डिंक बसायला एक दिवस गाडी उभीच ठेवायला हवी. सोमवारी तिनं कारखान्यातल्या मैत्रिणीला न्यायला बोलावलं.

मंगळवारी दुपारी ती कामावरून आली, तर तामू बाहेर जायचा पायघोळ जिलाबा घालून, डोक्याला रुमाल घट्ट बांधून दारात तयार. बहिणीकडे जायचं होतं, ओरिकाच्या रस्त्याला. बस असते की, गिझलान म्हणाली. बसनं गुडघे दुखतात, तामू म्हणाली.

ती मागे एका बाजूला पाय सोडून बसली आणि सुनेची कंबर अशी आवळून धरली, की गिझलानला श्वास घेता येईना. गल्लीतून जाताना लोकांनी पाहिलं, पण मुनीरचं नाव कोणी काढलं नाही. दोन पोरींनी मात्र पट्टे कुठून आणले म्हणून ओरडून विचारलं. शहर मागे पडलं, ऑलिव्हच्या बागा लागल्या, समोर ॲटलसचे डोंगर निळे दिसू लागले. वाऱ्यानं तामूच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं तिनं कमरेवरचा एक हात सोडला आणि मांडीवर ठेवला.

बहीण दारात आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ही हिरवी कोणाची?

"सुनेची," तामू म्हणाली, आणि उतरायला सुनेकडे हात पुढे केला.