राधामावशीचं अर्धं आख्यान

कीर्तन चारला सुरू होणार होतं. पाच वाजून गेले तरी बुवा खुर्चीतच बसून होते आणि गुरुदास काही माईक सोडत नव्हता.

तसा गुरुदास वाईट माणूस नाही. देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष. कौलं गळायला लागली की स्वतः वर चढतो. पण माईक हातात आला की त्याला अख्खा गाव सत्काराला पात्र वाटतो. मांडव घालणाऱ्याला नारळ दिला, मांडवाला बांबू देणाऱ्याला दिला. मग मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची नावं वाचली, आणि त्यात एक राहिलं म्हणून यादी परत पहिल्यापासून वाचली. सव्वासहाला बुवांना कुडाळ स्टेशनला निघायचं होतं, हे मी त्याला तीनदा सांगितलं होतं.

माझ्या शेजारी राधामावशी. वय ब्याऐंशी. वालावलहून तिला मी रिक्षाने आणलं होतं. तिच्यासाठीच सांगलीच्या या बुवांना तीन महिने फोन केले होते, आख्यानही सांगून ठेवलं होतं. देव गडी होऊन भक्ताच्या घरी बारा वर्षं पाणी भरतो, ते. मावशीने ते चार-पाच वेळा ऐकलं होतं, म्हणजे ऐकायला घेतलं होतं. आमच्याकडची रीत अशी की पूर्वरंगातलं निरूपण संपलं, बुवांच्या गळ्यात हार पडला, की बायकांनी उठून महाप्रसादाच्या चुलीकडे जायचं. आख्यान सगळं उत्तररंगात. मावशी जरा रेंगाळायची, पण देव दारात उभा राहून 'काम मिळेल का?' विचारतो, तिथवर आलं की सासूची हाक यायची. पुढचं पातेल्यांच्या आवाजात बुडालं ते बुडालंच. आणि येत्या रविवारी मुलगा तिला कायमचा बदलापूरला नेणार होता. तिथे कुठलं कीर्तन!

गुरुदास थांबला आणि धोंडूकाका गाऱ्हाणं घालायला उठले. गाऱ्हाणं मला फार प्रिय. देवाशी इतक्या हक्काने दुसरं कोण बोलतं? पण काकांनी काजूचा मोहर, वानरांचा त्रास, पोरांची लग्नं, काहीच सोडलं नाही.

"मोबायलाक रेंज दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांबरोबर मावशीही ओरडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि धोंडूची जीब वायच आखूड कर, ता पण सांगूक व्हया होता."

साडेपाचला बुवा उभे राहिले. पेटीवाल्याने सूर धरला, तेवढ्यात, "एकच मिनिट!" कोणी पाहुणे आले होते. पुन्हा शाल, पुन्हा नारळ. मला राहवलं नाही.

"गुरुदास, पुरे कर रे! किती अडवशील?"

"विनीताताय, एकेकाचो मान असता. मान चुकलो तर देव कोपतलो."

"देव कंटाळलो रे, गुरुदासा," मावशी मोठ्याने म्हणाली. "मरान गेल्यावर माकाय एक शाल घाल, पण आता गप बस."

लोक हसले. गुरुदासही हसला, आणि हसत हसतच माईकमध्ये म्हणाला, "बायकांनू, उशीर झालो. पानां मांडूक चला बघया."

कीर्तनाचा एक शब्दही झाला नव्हता. तरी बायका उठल्या. आणि मी बघते तर मावशीही गुडघ्यावर हात टेकून उठत होती. कुणी तिला बोलावलं नव्हतं. साठ वर्षांची सवय, पाय आपोआप निघाले. इतका वैताग मला गुरुदासचाही आला नव्हता. मी तिचा हात घट्ट धरला.

मावशी क्षणभर तशीच अर्धवट उभी राहिली. मग बुवांकडे वळली.

"बुवानू, पूर्वरंग नको माका. एकदम आख्यान लावा."

"आजी, पूर्वरंगाशिवाय कीर्तन म्हणजे पायाशिवाय घर."

"पायो माज्याकडे आसा. जल्मभर तोच भरलंय. तुमी छप्पर घाला."

"तसा चलाचा नाय..." गुरुदास म्हणत होता, पण बुवांनी चिपळ्या वाजवल्या आणि तबलजीने त्याचं बाकीचं वाक्य खाऊन टाकलं.

काय गायले बुवा! घाईचं गाणं, पण पाण्याची कावड खांद्यावर घेतलेला देव समोरून चालत गेला. चुलीकडे निघालेल्या बायका मांडवाच्या दारातच थबकल्या, एकीच्या हातात डाव तसाच राहिला. मावशी डोळे न मिटता ऐकत होती, एखादा शब्द निसटेल या भीतीने. भक्ताला ओळख पटली, तो धावत आला, तोवर देव अंतर्धान पावला. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"गेलो?" मावशीने विचारलं.

"गेला, आजी."

"बारा वर्षां पाणी भरल्यान, आणि असोच गेलो? त्येका कोणी 'बस, दोन घास खा' म्हणान सांगल्यान नाय?"

बुवांचा कपाळावरचा घाम पुसायचाही राहिला.

"पन्नास वर्षं ही कथा सांगतोय," ते म्हणाले, "पण हे मला कुणी विचारलं नाही."

"विचारतली कोण? आमी चुलीकडे!" मावशी वैतागून म्हणाली, आणि खुर्चीखाली चपला शोधायला लागली.