चार तबकड्या आणि एक झांज

मित्रांनो, हा म्हातारा फार कुरकुर करतो असे तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. ज्याच्यावर खोटा आळ आला होता त्याला थोडे कुरकुरायचा हक्क असतो. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतला एक जुना रेकॉर्ड प्लेअर. लाकडी पेटी, वर पारदर्शक झाकण, मधे फिरणारी थाळी आणि बाजूला एक बारीक हात. हाताच्या टोकाला सुई आहे. ती तबकडीच्या चरीत टेकली की मी बोलतो, नाहीतर मुका. आणि मुक्यावर आळ घेणे कोणालाही सोपे जाते.

माझा जन्म मुंबईजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी कोल्हापुरात एका दातांच्या डॉक्टरांकडे आलो. त्यांनी मला मऊ फडक्याने पुसले, पाहुण्यांना कौतुकाने दाखवले आणि कॅसेटी आल्यावर तितक्याच सहजपणे माळ्यावर टाकले. माळ्यावर मी किती काळ होतो ते मला विचारू नका. झुरळांशी माझे कधी जमले नाही.

१९९४ साली डॉक्टर मुलाकडे पुण्याला राहायला निघाले. जाताना त्यांनी मला नागसेनच्या हवाली केले. नागसेन आठव्या गल्लीतला स्पीकरवाला. लग्न असो, हळद असो, बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक असो की गणपती असो, कर्णे बांधायला लोक त्यालाच बोलावत. त्याचा कान साऱ्या राजारामपुरीत नावाजलेला होता. रस्त्याच्या पलीकडे उभा राहून तो सांगे, "तिसरा कर्णा फाटका वाजतोय, वायर बघा." आणि वायर सुटलेलीच निघे. डॉक्टर म्हणाले होते, "याची किंमत तुलाच कळेल." मी त्या दिवशी फार फुशारलो.

माझ्याबरोबर एकच तबकडी आली, ऑर्विल टेट नावाच्या अमेरिकन गायकाची. वेष्टनावर तो पिवळ्या शर्टात हसत उभा होता. त्या गाण्यांना फंक म्हणतात. इंग्रजी शब्द नागसेनला कळत नसत, मला तर त्याहून कमी. पण ती गाणी शब्दांची नव्हतीच. खाली गिटारचे जाड सूर ठेका धरत आणि वर ड्रमवाल्याच्या पायाने उघडमिट होणाऱ्या दोन छोट्या चकत्या चिक्-चिक्, चिक्-चिक् वाजत राहत. नागसेन त्यांना झांज म्हणे. ज्या गावात दर पेठेला झांजपथक आहे तिथला माणूस दुसरे काय म्हणणार?

मोठे काम असले की नागसेन आधी अर्धा तास माझ्यासमोर बसे. "कान धुवून घेतो," असे बायकोला, ललिताला, सांगे. ती झांज स्वच्छ ऐकून घेतली की तो कामावर जाई आणि आपल्या स्पीकरांतून तसाच स्वच्छ आवाज येईपर्यंत बटणे फिरवत राही. त्या वर्षांइतका मानाचा काळ मी पुन्हा पाहिला नाही.

मग गावात डॉल्बी आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसाच्या दुप्पट उंचीची स्पीकरांची भिंत, पुढे नाचणारी पोरे आणि शेजारी बटणांच्या पेटीपाशी नागसेन. त्याच्या भिंतीला मागणी फार. मिरवणुकीहून परतला की दोन दिवस तो ललिताशी ओरडून बोलायचा. ती हसून म्हणायची, "अहो, मी हितंच हाय की." तेव्हा आम्हा सगळ्यांना ती गंमत वाटत होती.

२००२ च्या सुमारास एका रविवारी नागसेनने मधेच सुई उचलली. "झांज गेली," तो म्हणाला. तबकडी जुनी, झिजलेली, तिच्यावर ओरखडे होतेच. मला वाटले, असेल. नवी आणायचे ठरले.

त्याच गल्लीत भाऊसोचे कॅसेटचे दुकान होते. भाऊसो नागसेनचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि जुन्या तबकड्यांसाठी वेडा झालेला माणूस. त्याने सांगितले की टेटसाहेबांच्या तबकड्या परदेशात पुन्हा निघाल्या आहेत, तीन देशांतल्या तीन कंपन्यांनी काढल्या आहेत आणि तिन्ही तबकड्यांचा आवाज वेगवेगळा आहे. मुंबईचा एक व्यापारी त्या मागवून देतो. "सगळ्यात चांगली कुठली ते आपण शोधूया की," तो म्हणाला. मलाही हुरूप आला. इतक्या वर्षांत माझ्या थाळीवर नवे कोणी बसले नव्हते.

आधी अमेरिकेची आली. जाडजूड, वजनदार तबकडी. गिटारचे सूर इतके फुगवलेले की गाणे पोट सुटल्यासारखे चाले. झांज मागे होती, पण होती. नागसेन ऐकत राहिला आणि मान हलवून म्हणाला, "न्हाय."

नंतर इंग्लंडची आली. हिचे उलटे होते. खालचे सूर पातळ आणि झांज इतकी टोकदार की ललिता स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. "जरा बारीक करा, कानाला बोचतंय." नागसेन म्हणाला, "ह्यात तर झांज अजिबातच न्हाय." मी चक्रावलो. माझी सुई प्रत्येक चिक् उचलून पुढे पाठवत होती. मग तो मधे कुठे जात होता?

इथून माझे हाल सुरू झाले. नागसेनने माझी सुई बदलली, तारा बदलल्या, पोट उघडून आतला पट्टा बदलला. मला खिडकीपासून दूर ठेवले, मग पुन्हा जवळ आणले. प्रत्येक वेळी तो इंग्लंडची तबकडी लावी, कान माझ्याजवळ आणी, आणि त्याचा चेहरा पडे. एके दिवशी तो ललिताला म्हणाला, "ह्यो प्लेअरच बाद झालाय. रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू." मला फार वाईट वाटले. रागही आला. मी माझे काम चोख करत होतो आणि ते सांगायला माझ्यापाशी तोंड नव्हते.

दूध उतू जाताना गॅसवर होणारी चरचर नवऱ्याला ऐकू येत नाही, हे ललिताने कधीच ओळखले होते. दारातली चिमणीही त्याच्यासाठी मुकी झाली होती. पण ज्याचे घर कानावर चालते त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचे? ती गप्प राहिली. मीही मुका. अशा दोन मुक्यांमध्ये तो रविवार उजाडला.

सकाळीच भाऊसो जपानची तबकडी घेऊन आला. "भंगारवाला येऊ दे, पण आधी ही ऐक," म्हणाला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी तशी तबकडी वाजवली नाही. चरीत धुळीचा कण नाही, कुरकुर नाही. गिटार जागच्या जागी, गळा जागच्या जागी, आणि झांज अशी की ड्रमवाला खोलीच्या कोपऱ्यात बसला आहे. भाऊसोने डोळेच मिटले.

"काय झांज हाय गड्या," तो म्हणाला. "संपला शोध. हीच एक नंबर."

"कुठं हाय झांज?" नागसेन म्हणाला.

"आरं, वाजतीया की."

"माझी चेष्टा करायला आलायस व्हय?"

"आणि मी एवढी खटपट करून मुंबईवरनं आणतोय, ते काय येडा म्हणून?"

दोघांचे आवाज चढले. इतक्या वर्षांची दोस्ती माझ्यासमोर तुटायला आली होती. बाहेर गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली, आणि तीही नागसेनला ऐकू आली नाही.

तेव्हा ललिता पुढे झाली. तिने खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. "हितं बसा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी आवाजात बदल करणार. बदल झाला की हात वर करा. मागं बघायचं न्हाय."

तिने सुई टेकवली. शेजारच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ट्रेबलची कळ असते, ती फिरवली की वरचे बारीक आवाज कमीजास्त होतात. ललिताने ती कळ डावीकडे शेवटपर्यंत फिरवली. झांज नाहीशी झाली. गाण्यावर कोणी घोंगडी टाकावी तसे झाले. मग कळ उजवीकडे शेवटपर्यंत नेली. झांज खोलीभर खणखणली. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. भाऊसोच्या चेहऱ्यावरचा राग उतरत गेला आणि तिथे भीती आली. नागसेनचे दोन्ही हात मांडीवर होते.

"सांगा, काय केलं मी?" ललिताने विचारले.

"तू अजून सुरूच कुठं केलंयस?" नागसेन म्हणाला.

नागसेनने मागे वळून दोघांचे चेहरे पाहिले. तो उठला आणि ललिताला पुन्हा कळ फिरवायला सांगितले, या वेळी स्वतः कळीकडे बघत. कळ या टोकापासून त्या टोकाला गेली. तो तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

"म्हंजे झांज समद्यांत होती?"

"समद्यांत," भाऊसो हळू म्हणाला. "ह्यात सगळ्यात चांगली."

माझ्यावरचा आळ गेला. पण खरे सांगतो, मला जराही आनंद झाला नाही. त्यापेक्षा मी बिघडलेला निघालो असतो तर बरे, असे वाटले. भंगारवाला दारात येऊन रिकाम्या हातांनी गेला.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की गेले ते परत यायचे नाही, उरले आहे ते जपा, स्पीकरांच्या भिंतीपासून दूर राहा. नागसेनने घरी येऊन ते ललिताला सांगितले आणि लगेच पुढे म्हणाला, "कुणाला बोलू नको. यंदाची सुपारी घेतलीया." बहिऱ्या स्पीकरवाल्याला कोण बोलावणार, ही त्याची भीती. त्या भीतीत दोघे नवरा-बायको कितीतरी दिवस वावरत होते.

गणपती जवळ आले तसा मंडळाचा अध्यक्ष अमरसिंह घरी आला. पंचविशीच्या आतला, उमदा, मोठ्याने हसणारा मुलगा. दरवर्षी भिंतीपुढे सगळ्यांत आधी तोच नाचायचा.

"नागसेनदादा, यंदा भिंत डबल पायजे. आणि आवाज गेल्या साली लावलाता तसाच ठेवा, तिखट. गावात दुसऱ्या कुणाचा तसा न्हाय. माझ्या कानात अजून शिट्टी वाजतीया बगा."

तो हसला. नागसेन हसला नाही.

"अजून वाजतीया?"

"रोज. रात्री जास्त."

नागसेन खाली बसला. त्याला काय कळले ते मलाही त्याच क्षणी कळले. मिरवणुकीत झांज त्याला ऐकू येत नव्हती. ती स्वच्छ यावी म्हणून तो ट्रेबल वाढवत होता, वाढवतच होता. ज्या तिखट आवाजाला गाव वाहवा म्हणत होते तो त्याच्या बहिरेपणाचा आवाज होता. आणि समोर पोरे नाचत होती.

"पोरा, त्या खुर्चीत बस," तो म्हणाला. "भिंतीकडं तोंड कर. झांज गेली की हात वर कर."

अमरसिंहला हा काय प्रकार ते समजेना, पण तो बसला. जपानची तबकडी माझ्यावर चढली. ललिता हळूहळू कळ फिरवू लागली. माझी थाळी नेहमीच्याच वेगाने फिरत होती, तरी मला ती जड वाटत होती. कळ अर्ध्यावर आली आणि अमरसिंहने हात वर केला.

"गेली की झांज," तो म्हणाला.

नागसेनने मोठा श्वास सोडला. आत जाऊन त्याने मंडळाच्या सुपारीचे आगाऊ पैसे आणले आणि अमरसिंहच्या हातात परत ठेवले.

"मला वरचा आवाज ऐकू येत न्हाय," तो म्हणाला. "मी लावलेल्या भिंतीपुढं तू नाचणार, आणि तुझा कान कवा फुटला ते मला कळणार बी न्हाय. तुझा अजून शाबूत हाय. भिंत आणू नका."

"दादा, गावात तुमचं नाव जाईल."

"जाऊ दे."

नाव गेलेच. नागसेन भ्याला, असे लोक म्हणाले. मंडळाने बाहेरगावाहून दुसरी भिंत आणली, नागसेनच्या भिंतीपेक्षा मोठी. विसर्जनाच्या दिवशी ती आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या, माझे झाकण थरथरले, आणि कोणी हात न लावता माझी सुई आपल्या जागी हलू लागली. नागसेन दार लावून बसला होता. "अमरसिंह पुढंच आसंल," एवढेच तो म्हणाला.

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी अमरसिंह आला. हसत नव्हता. न सांगता त्याने खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि बसला. "लावा वहिनी," म्हणाला.

ललिताने तीच तबकडी लावली. झांज तशीच स्वच्छ आली, एकही चिक् मी चुकू दिला नाही. तिने कळ फिरवली. अर्ध्यावर आली, पुढे गेली, शेवटाला टेकली. आम्ही सगळे अमरसिंहच्या हाताकडे बघत होतो. तो त्याच्या गुडघ्यावर होता.

"वहिनी, फिरवा की आता," तो म्हणाला.

मित्रांनो, माझी सुई झिजली की मुंबईहून नवी येते. तबकडी झिजली तर परदेशातल्या कंपन्या ती पुन्हा काढतात, आणि त्यांतली कुठली चांगली यावर दोन दोस्त भांडू शकतात. तुमच्या कानाचे तसे नाही. तो एकदाच निघाला आहे. मी माझ्या परीने पुष्कळ वाजवले, पण त्या दिवशी त्या पोरासाठी मला काही करता आले नाही, याचे दुःख माझ्या लाकडात कायमचे राहिले आहे. म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवतो: मिरवणुकीला जरूर जा, नाचा, पण भिंतीच्या पुढून बाजूला व्हा, आणि शेजारी नाचणाऱ्यालाही ओढून बाजूला घ्या.