जांभळाची वाइन आणि मायचा हात

सचिननं घरी वाइन करायला घेतली तेव्हा माझी चिमी नुकती मान धरायला लागली होती. मोबाइलवर कुणाकुणाचे व्हिडिओ पाहून माझ्या नवऱ्याला हा नाद लागला. काचेची मोठी बरणी आली, झाकणात बसवायची वाकडी नळी आली, यीस्टची पुडी आली. भंडाऱ्याच्या बाजारातून त्यानं टोपलीभर जांभळं आणली आणि माझ्यापुढे ठेवून तो ऑफिसला गेला. धुवायची, बिया काढायच्या, कुस्करायची. चिमीला मांडीवर घेऊन मी ते सगळं केलं. आमच्या दोघींचीही बोटं जांभळी झाली.

सासूबाई, म्हणजे गोदावरीबाई, दारात उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या. "पोराले काहीतरी छंद असावा," म्हणाल्या. "लोकाईचे पोरं धाब्यावर जाऊन बसतात. माहा पोरगा घरी बसून करते."

मी मान हलवली. बरणीला वास यायला अजून अवकाश होता, पण माझ्या नाकात तो आधीच येऊन बसला होता.

माझी माय मोहाची दारू काढायची. साकोलीच्या पुढे जंगलाला लागून आमचं गाव. बाप मी रांगत असतानाच गेला. बांधापलीकडे झुडपांत मायनं मडकी पुरलेली असायची, त्यात मोहफुलं भिजत असायची. त्याच पैशांवर मी शाळा शिकले, कॉलेजला गेले. गावात तिला कोणी मनकर्णाबाई म्हणत नसे. तिला दुसरं नाव होतं, ते मी इथे सांगणार नाही.

मला तिची एकच गोष्ट सारखी आठवते. मला जेवू घालायच्या आधी ती चुलीतली राख घेऊन कोपरापर्यंत हात घासायची. मग लिंबाचा पाला चोळायची. मग हात नाकाशी नेऊन हुंगायची. वास आला की पुन्हा राख. मी भुकेनं रडायचे, आणि ती म्हणायची, "थांब वो माय, हा वास तुया पोटात नाई जाऊ द्यायचा." मग भरवायची. राखेनं तिची बोटं खरखरीत झालेली असायची, ती ओठांना लागायची.

माझं लग्न ठरताना सासूबाईंनी अट घातली, धंदा बंद झाला पाहिजे. मायनं मडकी स्वतःच्या हातानं फोडली. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या बांधीत भाताच्या रोवणीला जाते, पानाच्या पत्रावळी लावते. तरीही लग्नात ती मांडवाच्या कडेलाच बसून होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझं भंडाऱ्यातच झालं. माय दवाखान्यात आली, चिमीला लांबूनच बघितलं आणि आल्या पावली परतली. घरी चला असं तिला कोणी म्हटलं नाही.

म्हणून मला उष्टावण हवं होतं. बाळाला खिरीचा पहिला घास मामानं भरवायचा. मला भाऊ नाही. मग तो घास आजीनं भरवावा, माझ्या मायनं, या घरात, सगळ्यांच्या देखत. मी सचिनला सांगितलं. तो वाईट माणूस नाही. "बोलतो ना आईशी," म्हणाला. "ही बरणी एकदा बसू दे."

बरणीचा आणि मायचा काय संबंध ते मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून बरणीकडे लक्ष द्यायचं काम माझं झालं. सकाळी चिमी उठायच्या आत आणि संध्याकाळी ती झोपली की लाकडी डावानं वर आलेला गर खाली दाबायचा, झाकण पुसायचं, नळीतलं पाणी बदलायचं. सुरुवातीला मी श्वास रोखून ते करायचे. मग हळूहळू सवय झाली. नळीतल्या पाण्यात बुडबुडे यायचे, बुडुक, बुडुक, आणि चिमी कडेवरून ते बघून खिदळायची. मला वाटायचं, मायनंही मला असंच कडेवर घेऊन मडक्यांवर कान ठेवला असेल. खरं सांगायचं तर मला ती बरणी आवडायला लागली होती. घरात माझ्या ओळखीचं असं दुसरं काही नव्हतं.

एकदा जेवताना सचिननं विषय काढला. सासूबाईंनी बराच वेळ वरण कालवलं. मग म्हणाल्या, येऊ द्या. पण ऑफिसची माणसं येतील, गावच्या गोष्टी काढायच्या नाहीत. शिवाय कुंताआत्या येणार. कुंताआत्या म्हणजे सचिनची थोरली आत्या, गळ्यात तुळशीची माळ, कांद्याच्या वासानंही ताटावरून उठणारी. तिच्यापुढे काही भलतंसलतं नको.

मी मायला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "कोणतं लुगडं नेसू वो?"

उष्टावणाला मित्रांना वाइन पाजायची असं सचिनच्या डोक्यात बसलं होतं. बुडबुडे अजून यायचेच. मी म्हटलं, थांबा थोडं, अजून उकळी शमली नाही.

"बरोबर," तो हसून म्हणाला. "खानदानी धंदा आहे बाप्पा तुमचा, तुम्ही सांगाल तसं." आणि मग माझं न ऐकताच त्यानं ती गाळली. चाखली तर आंबट लागली, म्हणून वरून साखर घातली. सरबताच्या जुन्या बाटल्यांत भरून झाकणं कचकचून लावली आणि स्वयंपाकघरात, तांदळाच्या ड्रमामागे ठेवल्या. कुंताआत्याला दिसू नयेत म्हणून वर पोतं टाकलं.

माय सकाळच्या एस.टी.नं आली. रोवणीचे दिवस होते, एक दिवसाची मजुरी सोडून ती आली होती. नखांत चिखलाची काळी रेघ, टाचा पांढऱ्या पडलेल्या. मागच्या दारानं आली. कापडी थैलीत चिमीसाठी झबलं होतं, गुळाचा खडा होता आणि बसस्टँडवरून येताना बाजारात घेतलेली पितळी वाटी होती, लखलखीत. थैली तिनं ड्रमापाशी ठेवली. मग मोरीत जाऊन हात धुतले. "राख नाई का वो?" विचारलं. गॅसच्या घरात राख कुठली. भांड्यांची पावडर घेऊन कोपरापर्यंत घासले, हुंगले, पुन्हा घासले. खीर तिच्याच वाटीत काढली.

आतल्या खोलीत सचिननं मित्रांसाठी पहिली बाटली उघडली होती. फस्सकन फेस आला तशी सगळे हसले. एकानं म्हटलं, ही तर शॅम्पेन झाली राव. सासूबाई त्यांना चकल्या देऊन आल्या, चेहरा फुललेला. बाहेरच्या खोलीत बायका बसल्या होत्या. मी पाटावर, मांडीवर चिमी, समोर माय. कुंताआत्यानं वेळ झाली म्हणून सांगितलं. मायनं बोट खिरीत बुडवलं. चिमीनं तोंड उघडलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात बार झाला.

चिमी दचकून रडायला लागली. काच फुटून पडल्याचा आवाज आला, मग उंबऱ्यावरून जांभळा ओघळ बाहेर आला आणि मागोमाग वास. सगळ्या घरभर. कुंताआत्यानं पदर नाकाला लावला.

"कायचा वास व्हय हा? दारू हाये का घरात?"

सचिन आतल्या दारात येऊन उभा राहिला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं फरशीकडे पाहिलं. मग सासूबाई स्वयंपाकघरात डोकावल्या आणि ड्रमापाशी भिजून पडलेली मायची थैली चिमटीत धरून बाहेर आल्या.

"इहीनबाईच्या थैलीतली दिसते," म्हणाल्या. "सवय काही जात नाई माणसाची."

"कुंताआत्या, ती बाटली ह्यांनी..." मी सुरू केलं. मायनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जोरात दाबला. तिचं एक बोट अजून खिरीनं पांढरं होतं.

"माहीच व्हय," ती म्हणाली. "पाय दुखते म्हून चोळाले आणली होती. चुकलं माहं."

मी सचिनकडे बघत राहिले. त्यानं तोंड उघडलं, असं मला वाटलं. मागून कोणीतरी मित्रानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यानं ते मिटलं.

माय उठून स्वयंपाकघरात गेली. बोट पदराला पुसलं, खाली बसली आणि हातानं काचा गोळा करायला लागली. मी उठायला लागले तर सासूबाई म्हणाल्या, "तू बस, वेळ टळून राहिली." त्यांनीच वाटी घेतली. चिमीला पहिला घास त्यांनी भरवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी फोटो काढला. चिमी रडायची थांबली, जिभेनं खीर घोळवली आणि आणखी मागायला लागली. तिला काय कळतं.

मी उठून आत गेले तेव्हा फरशी कोरडी होती. मागचं दार उघडं होतं.

तिच्याच वाटीत थोडी खीर घेतली, चिमीला उचललं आणि ऑटोनं बसस्टँडवर गेले. माय साकोलीच्या फलाटावर बसली होती, ओली थैली पायाशी. मला बघून घाबरली. काहून आलीस, म्हणाली, घरी काय म्हणतील. मी वाटी तिच्यापुढे धरली. म्हटलं, पहिला नाही तर नाही, एक घास घाल.

ती वाटीकडे बघत राहिली. मग उठून नळावर गेली. बाजूची ओली माती घेऊन हात घासले. भेगांमध्ये जांभळा रंग मुरला होता, तो निघेना. तिनं हात नाकाशी नेला. पुन्हा माती घेतली. पुन्हा हुंगला.

"नाई वो माय," परत येऊन म्हणाली. "वास येऊन राहिला."

"जांभळाचा आहे तो. त्यांच्या जांभळाचा."

"कायचा का असंना. तिच्या पोटात नाई जाऊ द्यायचा."

एस.टी. लागली. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले, वाकून चिमीच्या तळपायाला नुसता गाल लावला आणि चढली. खिडकीतून तिनं हात हलवला नाही. ते पदरातच होते.

घरी आले तेव्हा पाहुणे गेले होते. सचिन स्वयंपाकघरात उभा होता. तो म्हणाला की तो सांगणारच होता, पण सगळ्यांसमोर आईचं तोंड पडलं असतं. कुंताआत्या गावभर करते. तुझी माय समजूतदार आहे, तिला कळतं. आपण एकदा मुद्दाम तिला भेटायला जाऊ.

तो ड्रमामागे बघत म्हणाला, "तृप्ती, बाकीच्यांची झाकणं सैल करतेस का? नाहीतर त्याही फुटतील. तुला जमते ते."

चिमीला त्याच्याकडे दिलं. पोतं काढून मी एकेक बाटली घेतली, झाकण हळूहळू फिरवलं. प्रत्येक बाटली सुस्कारा टाकल्यासारखी सुटत होती आणि फेस बोटांवरून मनगटापर्यंत येत होता. सगळ्या झाल्या तेव्हा बाहेर चिमी भुकेनं रडायला लागली. सचिननं हाक मारली.

मी मोरीत गेले. भांड्यांची पावडर घेऊन कोपरापर्यंत हात घासले. नाकाशी नेले.

सचिननं पुन्हा हाक मारली. चिमीचा आवाज चढला होता. मी पुन्हा पावडर घेतली.